बोर्निओला जायचंय? सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बोर्निओला दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा नवऱ्याबरोबर सारावाकला आणि दुसऱ्यांदा आईलाही घेऊन सबाह आणि सारावाक दोन्हीकडे. तेव्हापासून ऑफिसमधले, सोसायटीतले, ट्रेकचे ग्रुपवाले सगळेच विचारत असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे खालची उत्तरं का तशी आहेत ते कळेल: बोर्निओत जागा कमी करा आणि दिवस वाढवा.

बोर्निओ म्हणजे नक्की कुठला देश?

देश नाही, बेट आहे, आणि ते तीन देशांत वाटलेलं आहे. ग्रीनलंड आणि न्यू गिनीनंतर जगातलं तिसरं मोठं बेट, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा जास्त. खालचा मोठा भाग इंडोनेशियाचा, त्याला कालीमंतान म्हणतात. वरच्या बाजूला मलेशियाची दोन राज्यं, सबाह आणि सारावाक, आणि त्यांच्या मधे छोटासा ब्रुनेई. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक सबाह किंवा सारावाकला जातात आणि मी पण मुख्यतः त्याबद्दलच लिहिलंय.

व्हिसा लागतो का?

मलेशियाला भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतर जाणार असाल तर तिकीट काढायच्या आधी तपासा. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सबाह आणि सारावाकचं इमिग्रेशन वेगळं आहे, त्यामुळे क्वालालंपूरहून गेलात, म्हणजे देशातल्या देशातच गेलात, तरी तिथे उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट दाखवावा लागतो. सबाहहून सारावाकला गेलात की परत तेच. १९६३ साली ही दोन राज्यं मलेशियात सामील झाली तेव्हा त्यांनी हा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला होता. सांगायचा मुद्दा हा की पासपोर्ट बॅगेच्या तळाला ठेवू नका आणि पुढचं विमान अगदी लागून घेऊ नका. कालीमंतानला इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो. ब्रुनेईचं मात्र वेगळं आहे, तिथला व्हिसा आधीच बघावा लागतो, आणि आम्ही त्या भानगडीत न पडता वरून विमानाने गेलो.

सबाह की सारावाक? दोन्ही एका ट्रिपमध्ये होईल का?

दोन आठवडे असतील तर होईल. आठ दिवस असतील तर प्लीज एकच निवडा. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात पण कोटा किनाबालू (सगळे केके म्हणतात) ते कुचिंग रस्त्याने जायचं तर मधे ब्रुनेई लागतो, शिक्के मारून मारून पासपोर्ट भरतो आणि पाठीचे हाल होतात ते वेगळंच, त्यापेक्षा विमान बरं.

प्राणी बघायचे असतील, डोंगर चढायचा असेल, डायव्हिंग करायचं असेल तर सबाह. माणसं, लाँगहाऊस, गुहा, खाणं आणि निवांत शहर पाहिजे असेल तर सारावाक. कुचिंग हे मी बघितलेल्या शहरांमधलं सगळ्यात शांत शहरांपैकी एक आहे, संध्याकाळी नदीकाठी नुसतं बसून राहावं, समोरून माणसांना इकडून तिकडे नेणाऱ्या छोट्या होड्या जात राहतात. मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर, त्यामुळे चौकाचौकात मांजरांचे पुतळे आहेत.

कसं जायचं?

मुंबईहून क्वालालंपूर किंवा सिंगापूर, तिथून पुढे केके किंवा कुचिंग. क्वालालंपूरहून केके साधारण अडीच तास, कुचिंग पावणेदोन तास. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखस घातलेलं काही बॅगेत नको, अनारसेसुद्धा नको, तिथे खसखशीवर बंदी आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. प्लग तीन चौकोनी पिनांचे, अडॅप्टर इथूनच घेऊन जा.

कुठल्या महिन्यात जावं?

पाऊस वर्षभर असतो, रेनफॉरेस्ट आहे शेवटी. पण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ईशान्य मान्सून असतो आणि सारावाकमध्ये डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी तर फारच धो धो. मार्चअखेर ते सप्टेंबर सबाहसाठी चांगलं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काही वर्षी कालीमंतानमधल्या जंगलांना आणि पीट, म्हणजे कुजक्या पालापाचोळ्याच्या, जमिनींना लागलेल्या किंवा लावलेल्या आगींचा धूर पसरतो, १९९७, २०१५ आणि २०१९ साली तो फार वाईट होता.

मला विचाराल तर मे महिन्याचा शेवट धरा. ३० आणि ३१ मेला सबाहमध्ये काआमातान असतो, कादाझान-दुसुन लोकांचा भाताच्या सुगीचा सण, आणि लगेच १ जूनला सारावाकमध्ये गावाई दायाक, तिथल्या दायाक लोकांचा तसाच सण. आपल्याकडच्या नवान्न पौर्णिमेसारखीच भावना, भाताचा आत्मा घरी परत यावा म्हणून त्याची पूजा. शाळांना सुट्टी पण तेव्हाच असते आपल्या. फक्त सणात दुकानं बंद आणि गाड्या फुल असतात, तेवढं धरून चाला.

ओरांगउटान नक्की दिसतो का?

सेपिलोकला बऱ्यापैकी नक्की. सबाहमधल्या संदाकानजवळ १९६४ साली सुरू झालेलं हे पुनर्वसन केंद्र आहे, आई मेलेली किंवा कोणीतरी घरात पाळलेली पिल्लं इथे आणून त्यांना परत झाडावर चढायला शिकवतात. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता फळं ठेवतात तेव्हा येतात. कुचिंगजवळ सेमेंगोह आहे, तिथे सकाळी ९ आणि दुपारी ३. जंगलात फळांचा हंगाम चांगला असेल तर मात्र एकही येत नाही. तेव्हा तिकिटाचे पैसे गेले म्हणून चिडणारे लोक मी बघितलेत. अहो, त्यांना स्वतःचं पोट स्वतः भरता यायला लागलंय, त्यासाठीच तर ते केंद्र आहे.

खऱ्या जंगलात बघायचा असेल तर किनाबातांगान नदी किंवा डानुम व्हॅली. आम्हाला नदीवर दिसला, उंच अंजिराच्या झाडावर एकटी मादी, पोटाशी पिल्लू, वीस मिनिटं आम्ही इंजिन बंद करून नुसते बघत होतो. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे जंगल. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून अतिधोक्यातल्या यादीत आहे. त्याला हात लावून, मांडीवर घेऊन फोटो देतो म्हणणारा कोणी भेटला तर सरळ निघून या, आपला सर्दी-खोकलासुद्धा त्यांना होतो.

किनाबातांगानला किती रात्री राहावं?

तीन. एक रात्रीचं पॅकेज सगळीकडे विकतात, ते घेऊ नका, हे मी पोटतिडकीने सांगते.

कारण असं आहे. ही नदी ५६० किलोमीटर लांब आहे, सबाहमधली सगळ्यात मोठी. संदाकानहून सुकाऊ गावाकडे जाताना दोन-अडीच तास खिडकीबाहेर फक्त पाम तेलाची झाडं दिसतात, रांगेत, डोंगरामागून डोंगर. आई आधी म्हणाली किती छान हिरवंगार आहे, आणि तासाभराने तिचं तिलाच कळलं की एक पक्षी दिसत नाहीये. पूर्वी हे सगळं जंगल होतं. आता नदीच्या दोन्ही काठांना जंगलाची तुकड्यातुकड्यांची पट्टी राहिलीये, साधारण २६,००० हेक्टरचं अभयारण्य, आणि उरलेले सगळे प्राणी त्यातच दाटीवाटीने राहतात. म्हणून इथे होडीतून इतके प्राणी दिसतात. ब्रोशरमध्ये दाट वन्यजीवन म्हणून जे लिहितात त्याच्या मागचं कारण हे आहे. भारत हा पाम तेलाचा जगातला सगळ्यात मोठा आयातदार आहे, बिस्किटं, फरसाण, वनस्पती तूप, सगळ्यात ते असतं, त्यामुळे तो रस्ता बघताना मला आपला त्याच्याशी काही संबंध नाही असं म्हणता आलं नाही.

आता तीन रात्री का, तर होडी सकाळी सहाला आणि दुपारी चारच्या सुमाराला निघते, म्हणजे एका रात्रीत जेमतेम दोन फेऱ्या. लांब नाकाचं माकड पहिल्याच संध्याकाळी दिसेल, ते फक्त बोर्निओतच सापडतं आणि झोपायला रोज नदीकाठच्या झाडांवर येतं, इंडोनेशियात त्याला गमतीने डच माकड म्हणतात. धनेश पण दिसतील, या नदीवर त्यांच्या आठ जाती आहेत. कोकणात धनेश बघितलेल्यांना तो पंखांचा इंजिनासारखा आवाज लगेच ओळखता येईल. मगरी असतात, हात पाण्यात घालू नका. पण हत्ती? बोर्निओचा हत्ती आशियाई हत्तींमधला सगळ्यात लहान, जंगलात जेमतेम हजारभर उरलेत आणि कळप नदीकाठाने फिरत असतो. आज इथे, उद्या वीस किलोमीटर वर. आम्हाला पहिले दोन दिवस नुसती लेंडी आणि तुडवलेलं गवत दिसलं. तिसऱ्या दिवसाचं शेवटच्या प्रश्नात सांगते.

राहायला मोठी लॉज आहेत आणि गावातल्या लोकांची होमस्टे पण आहेत. आम्ही होमस्टेत राहिलो, ओरांग सुंगाई म्हणजे नदीची माणसं म्हणतात त्यांना, सकाळी चहाबरोबर तळलेली केळी मिळायची. पहिल्या खेपेला, सारावाकला, ऑनलाइन एका एजंटकडून एकदम सगळं बुक केलं होतं आणि सांगितलेल्या फेऱ्यांपैकी निम्म्याच झाल्या, त्यामुळे आता किती फेऱ्या, होडीत किती माणसं, गाईड कोण, हे लेखी विचारून घेते.

गोमांतोंग गुहा बघावी का?

किळस वाटत नसेल तर जरूर. खाली वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग, त्यात लाखो झुरळं, आणि वर नव्वद मीटरवर वेताच्या शिड्यांना लटकून माणसं पाकोळ्यांची घरटी काढतात, चिनी सूपसाठी. ठरावीक हंगामातच परवानगी असते. आपल्या वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या बंदऱ्यावर, म्हणजे खडकाळ बेटावर, पण पाकोळ्यांची अशीच वस्ती आहे, तिथे घरट्यांची चोरी व्हायची. त्यामुळे आमच्यातल्या कोकणातल्या मंडळींना ते बघताना जास्तच भिडलं.

किनाबालू डोंगर आपल्याला जमेल का?

४,०९५ मीटर. चढाई जिथून सुरू होते तो तिंपोहोनचा दरवाजाच १,८६६ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. दोर-बीर लावून चढायचं नाही, पण पायऱ्या संपतच नाहीत. पहिल्या दिवशी साधारण सहा किलोमीटर चढून मुक्काम, मग रात्री अडीचला निघून सूर्योदयाला माथा, आणि त्याच दिवशी सगळं उतरायचं. गुडघ्यांचा प्रश्न उतरताना येतो. सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्याला जमेल. गाईड सक्तीचा आहे आणि मुक्कामाचे बेड मोजके, त्यामुळे काही महिने आधी बुकिंग करा.

कादाझान-दुसुन लोकांसाठी हा डोंगर पवित्र आहे, मेलेल्यांचे आत्मे तिथे राहतात अशी श्रद्धा. मे २०१५ मध्ये काही परदेशी पर्यटकांनी वर कपडे काढून फोटो काढले आणि काही दिवसांतच, ५ जूनला, भूकंप होऊन डोंगरावर १८ जण गेले, त्यात गाईड होते आणि शाळेची मुलं होती. गावातल्या लोकांनी या दोन गोष्टी जोडल्या. आपण मानू न मानू, पण वर गेल्यावर आरडाओरडा करू नये एवढं तरी पाळावं.

लाँगहाऊसमध्ये कसं वागायचं? काय न्यायचं?

हा माझा आवडता प्रश्न आहे.

लाँगहाऊस म्हणजे एकाच छपराखाली अख्खं गाव. लांबच लांब सामायिक ओसरी असते, सारावाकचे इबान लोक तिला रुआई म्हणतात, आणि तिच्या एका बाजूला ओळीने प्रत्येक कुटुंबाची खोली, बिलिक. आपल्या चाळीच्या गॅलरीसारखंच, दुपारी त्या ओसरीवरच चटया विणणं, मिरी वाळवणं, पोरांचा अभ्यास, सगळं चालतं. लाँगहाऊस किती मोठं ते दारांवरून सांगतात, वीस दारांचं, चाळीस दारांचं. म्हणून भेट नेताना आधी किती दारं आहेत ते विचारून घ्या, कारण जे काही न्याल ते प्रत्येक दाराला सारखं वाटलं जातं. आम्ही साखर, चहा आणि बिस्किटं नेली. मुलांच्या हातात थेट पैसे किंवा चॉकलेट देऊ नका, प्रमुखाकडे द्या, त्याला तुआई रुमा म्हणतात.

चपला बाहेर. तुआक म्हणजे तांदळाची दारू समोर येणारच. पीत नसाल तर काही बिघडत नाही, पण झटकून नाही म्हणू नका, पेल्याला बोटं लावून ओठाला लावा. खाण्याचंही तसंच, समोर आलेलं नाकारून निघालं तर वाटेत अपघात होतो असं ते मानतात, म्हणून नुसता स्पर्श केला तरी चालतो. आईने तसंच केलं, तिला प्रसादाला हात लावण्यासारखंच वाटलं, आणि तिथल्या आजीबाई एकदम खूश झाल्या.

कुचिंगहून दीड-दोन तासांवर आनाह राइस हे बिदायुह लोकांचं लाँगहाऊस आहे, तिथे दिवसात जाऊन येता येतं. इबान लाँगहाऊससाठी बातांग आई किंवा लेमानाक नदीकडे जावं लागतं आणि तिथे मुक्कामच करावा.

तिथे अजून मुंडकी कापतात का?

नाही हो. ती प्रथा सारावाकवर राज्य करणाऱ्या इंग्रज ब्रूक घराण्याच्या राजवटीत, म्हणजे १८४१ ते १९४६ या काळात बंद पाडत आणली. काही लाँगहाऊसमध्ये जुन्या कवट्या जपून ठेवलेल्या आहेत. आता त्याच लोकांची नातवंडं इंजिनियर आणि नर्स आहेत, त्यांना हा प्रश्न विचारू नका.

व्हेज मिळतं का?

शहरात हो, जंगलात सांगून ठेवावं लागतं. केके आणि कुचिंगला तमिळ पद्धतीची हॉटेलं आहेत, रोटी चनाय म्हणजे आपल्या परोठ्याची पातळ बहीण आणि सोबत डाळ, डोसाही मिळतो. चिनी शाकाहारी हॉटेलं पण असतात, त्यात दिसायला मटणासारखं असलं तरी सोयाचं असतं. खरी अडचण बेलाचानची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट, जी भाजीत, चटणीत सगळीकडे असते. म्हणून नुसतं सायुर म्हणजे भाजी असं सांगून भागत नाही, "ताक माऊ इकान, ताक माऊ उदांग, ताक माऊ बेलाचान" म्हणा, मासे नको, कोळंबी नको, बेलाचान नको. मिदिन नावाची रानातल्या नेच्याची भाजी मिळते, लसूण घालून परतलेली, कुरकुरीत, ती सोडू नका. आईसाठी आम्ही मेतकूट आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं, भात सगळीकडे असतोच.

मांसाहारी असाल तर सारावाक लाक्सा (शेवयांचं सूप) आणि बांबूत शिजवलेलं चिकन खाल्ल्याशिवाय येऊ नका.

जळवा, साप, मलेरिया?

पावसाळ्यात भीमाशंकरला गेला असाल तर जळवांची ओळख आहेच. इथली पिवळ्या पट्ट्यांची टायगर जळू पानावर कमरेच्या उंचीला बसते, त्यामुळे फक्त पायांकडे बघून चालत नाही. जळूचे मोजे मिळतात, ते घ्या. सापांना घाबरून ट्रिप कॅन्सल करू नका, दिसले तर नशीब. डासांचं मात्र गंभीरपणे घ्या. डेंग्यू आहे, आणि बोर्निओत माकडांमधून माणसाला होणारा एक मलेरिया आहे, जंगलात मुक्काम करणार असाल तर जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. सारावाकमध्ये २०१७ पासून रेबीज आहे, कुत्र्या-मांजरांना कुरवाळू नका.

सेंपोर्ना, सिपादान सुरक्षित आहे का?

डायव्हिंगची ठिकाणं आहेत ही, पाणी अप्रतिम आहे. पण पूर्व सबाहच्या किनाऱ्यावर फिलिपीन्सच्या बाजूने येऊन अपहरणं झालेली आहेत, एप्रिल २००० मध्ये सिपादानवरूनच २१ जणांना उचललं होतं. आता बंदोबस्त मोठा आहे, रात्री समुद्रात फिरायला बंदी असू शकते. जायच्या आठवड्यात ताज्या सूचना वाचा आणि इन्शुरन्स तो भाग कव्हर करतो का ते बघा. सिपादानला रोजच्या डायव्हरांची संख्या ठरलेली असते, परमिट आधी.

आईबाबांना घेऊन जाता येईल?

येईल. आई ६८ची आहे, गुडघा दुखतो. सेपिलोकला लाकडी पूल आहेत, नदीवर होडीत बसूनच सगळं. कुचिंगजवळच्या बाको नॅशनल पार्कला होडीतून उतरताना ओहोटी असेल तर पाण्यातून चालावं लागतं, तिथे भरतीची वेळ विचारून जा. सारावाकमधल्या मुलू नॅशनल पार्कला विमानाने जायचं, पार्कमध्ये लाकडी वाट आहे, डीअर केव्ह नावाच्या गुहेपर्यंत तीनेक किलोमीटर, सावकाश चालत गेलं की जमतं. संध्याकाळी तिथून लाखो वटवाघळं बाहेर पडतात, धुराच्या दोरीसारखी वळत वळत, पण पाऊस असेल तर येत नाहीत. म्हणून तिथेही दोन रात्री.

खर्च कशात जातो?

डानुमची लॉज, किनाबालूची चढाई आणि सिपादानचं डायव्हिंग, हे तीन महाग. कुचिंग, बाको, सेमेंगोह आणि बाहेरचं खाणं स्वस्त. रिंगिट वीस रुपयांच्या वर असतो, निघायच्या दिवशीचा भाव बघा. गावांमध्ये कार्ड चालत नाही, रोख ठेवा.

कालीमंतानबद्दल काहीच नाही का?

मी गेलेली नाही, पुढची खेप तिकडचीच. तांजुंग पुतिंगला क्लोतोक नावाच्या होडीवरच झोपायचं आणि ओरांगउटान बघायचे, तिथला कँप लीकी १९७१ पासून चालू आहे. आणि पूर्व कालीमंतानात कुताई इथे सापडलेले यज्ञाचे दगडी यूप, म्हणजे खांब, सुमारे चौथ्या-पाचव्या शतकातले, त्यावर संस्कृतमध्ये मूलवर्मन राजाने ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्याचं कोरलंय. मूळ दगड जाकार्ताच्या म्युझियममध्ये आहेत.

भाषेचं कसं?

शहरात इंग्लिश चालतं. पण मलय शिका थोडी, आपल्याला फार सोपी जाते कारण बरेच शब्द ओळखीचे निघतात. भाषा म्हणजे बहासा, भूमी म्हणजे बुमी, नाव म्हणजे नामा, काच म्हणजे काचा, सिंह म्हणजे सिंगा, नवरा म्हणजे सुआमी, बायको म्हणजे इस्तेरी. धन्यवाद तेरिमा कासिह. आई रोज एक शब्द पाठ करायची आणि होडीवाल्या दादांना म्हणून दाखवायची, ते तिला माक म्हणायचे, म्हणजे आई.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, समोर काही दिसत नव्हतं, इंजिन बंद होतं. दादांनी हात वर केला आणि अगदी हळू म्हणाले, "गाजाह." आम्ही दोघं अजून त्यांच्याकडे बघत होतो, तोवर आई काठाकडे वळली होती. गवतातून आधी सोंड वर आली.